मेलेल्या दिराची ड्युटी

तबिथाला खोटं बोलता येत नाही. चर्चमधल्या बायका म्हणतात, काय गुणाची बाई! मी म्हणते, गुण कसला, रोग आहे तो. आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय.

शाळेचं कँटीन माझ्याकडे आहे. तबिथा माझ्या हाताखाली आठ ते बारा सँडविच लावते, खिम्याचे पॅटिस गरम करते, पोरांना ओरडते. चुलत बहीण लागते माझी, त्यामुळे माझं एक अक्षर ऐकत नाही. तिचं घर कँटीनच्या समोरच, रस्ता ओलांडला की आलं. माझ्या खिडकीतून तिच्या पोराची, जोमेनची, खिडकी दिसते, आणि खिडकीआड त्याचा पलंग.

जोमेन शेवंड पकडायला बुड्या मारायचा. एकदा फार खोलातून घाईने वर आला, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि मानेखालचं सगळं अंग गेलं. तोंड तेवढं शाबूत राहिलं, आणि ते आधीपासूनच वाजवीपेक्षा जास्त चालायचं. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकदा झाली होती जखम, हाडापर्यंत. तेव्हा दवाखान्यातून बजावून सांगितलं की आणखी एक झाली तर पोराला बेटावरून विमानाने केर्न्स शहरात नेऊन तिथल्या संस्थेत ठेवणार, कायमचं. त्या दिवसापासून तबिथाच्या डोक्यात दुसरं काही नाही.

अशा पोराला सांभाळणाऱ्या आईला सरकार पेन्शन म्हणून पैसे देतं, नाही असं नाही. पण अटी ऐका. आठवड्याला पंचवीस तासांच्या वर तिने बाहेर काम करायचं नाही. त्यात नोकरी धरली, फुकटची समाजसेवा धरली, जायचा-यायचा वेळही धरला. त्याच्या वर गेली की पैसे बंद, कारण म्हणे मग पोराला सांभाळतं कोण? आणि त्या तासांत जे कमावशील, त्यातलंही एका मर्यादेच्या वरचं झालं की निम्मं पेन्शनमधून कापणार. घरात नवरा असला तर त्याच्या कमाईचा हिशेब वेगळा. मी एकदा चिडून विचारलं, "हे गणित मांडलं तरी कोणी?" तर तबिथा ब्रेडला लोणी लावत म्हणाली, "ज्याची आई घरी होती, त्याने." नोकरी सोडून बसावं तर विजेचं प्रीपेड कार्ड कशाने भरणार? जोमेनची गादी हवेची आहे, तिला चोवीस तास वीज लागते.

नवरा नाही तिला. ओबेद वीस वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला, सागेर, म्हणजे आग्नेयेकडचा जोराचा वारा, सुटला होता, आणि समुद्राने ना होडी परत दिली ना माणूस. भला माणूस होता. डावखुरा. रविवारी जोमेनचे केस ओले करून भांग पाडायचा तो नेमका उलट्या बाजूला, आणि तबिथा चर्चच्या दारात पोराला धरून तो पुन्हा पाडायची. सगळे म्हणाले, चर्चमध्ये ओबेदच्या नावाची पाटी लावू, निदान काहीतरी होईल. ही म्हणाली, "पाटीखाली माणूस पाहिजे." झालं, विषय संपला.

दर पंधरवड्याला ती पेन्शनच्या ऑफिसला फोन करून तास आणि कमाई सांगते. पलीकडे एक पोरगा असतो, ब्रॉडी. तो शेवटी विचारतोच, "जोडीदार तुमच्यासोबत राहतो का?" आणि तबिथा दर वेळी सांगते, "नाही. अजून आला नाही." मी कपाळावर हात मारून घेते.

तर दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत तिचा थोरला दीर इफ्राईम गेला.

इफ्राईम म्हणजे मोत्यांचे शिंपले काढणाऱ्या शिडाच्या जहाजांवर आयुष्य काढलेला म्हातारा. लग्न केलं नाही. ओबेद गेल्यावर तबिथाच्या चुलीवर मासे पोचवले ते यानेच. रोज संध्याकाळी जोमेनच्या पलंगाजवळ कॅनव्हासच्या खुर्चीत बसायचा आणि रेडिओवरच्या फुटबॉलवाल्यांना शिव्या द्यायचा. दोघांचं जमायचं छान.

आमच्याकडे रक्ताची माणसं मेलेल्याला हात लावत नाहीत. ती नुसती रडतात. बाकी सगळं सोयऱ्यांनी करायचं: न्हाऊ घालणं, खड्डा, जेवणं, आणि पुढे कबरीवर दगड बसवून त्याचं कापड उतरवेपर्यंत मेलेल्याची सोबत. हे करणाऱ्याला मारीगेट म्हणतात, म्हणजे भुताचा हात. दगड उघडेपर्यंत मेलेला माणूस बेटावरच असतो, हे काही कोणाला शिकवावं लागत नाही. त्याला भूक लागते, एकटं वाटतं. आता इफ्राईमला बायकोच नव्हती, तर सोयरे कुठून येणार? होती एकटी तबिथा, धाकट्या भावाची बायको.

ती कँटीन सुटल्यावर जोमेनचं करून इफ्राईमच्या घरी जायला लागली. पंधरवडा भरला. कँटीनमध्येच तिने फोन लावला, हात लोण्याचे म्हणून स्पीकरवर.

"तास?" ब्रॉडी म्हणाला.

"कँटीनचे चाळीस."

"पंधरवड्याचे ना? ठीक आहे. आणखी कुठलं काम केलंत? बिनपगारी, सेवा म्हणून?"

मी समोरून मान हलवत होते, चमचा हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण गं बाई.

"केलं की. मेलेल्याचं."

"माफ करा, कोणाचं?"

"माझे दीर वारले. त्यांचं सगळं माझ्याकडे आहे."

"ओह. वाईट वाटलं ऐकून. त्यांचं नाव?"

"ते मी नाही घेत." तिने माझ्याकडे पाहिलं. "नेओमी, तू सांग."

"इफ्राईम!" मी ओरडले. सोयऱ्याचं नाव घेत नाहीत आमच्यात, पण खोटं बोलायला तर कोणी बंदी केली नव्हती!

"आणि त्यांच्यासाठी दिवसाला किती वेळ देता?"

"दोन-अडीच तास जातात. अंगण झाडायचं, जेवण ठेवायचं, दिवा लावायचा, थोडं बोलायचं."

"बोलायचं... कोणाशी?"

"त्यांच्याशीच की, बाळा. आणखी कोणाशी?"

ब्रॉडी वाईट नव्हता. त्याने कोणाला तरी विचारलं, परत आला आणि फार मऊ आवाजात सांगितलं की अंत्यविधीचे दिवस वेगळे, पण हे रोजचं, नियमाने, ठरलेलं काम आहे, म्हणजे ते तासांत धरावं लागेल. आणि धरलं की पंचवीसच्या वर जातं. पेन्शन थांबली.

मी तिला त्या दिवशी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. ती रडलीही नाही. भाकरी बांधून घेतली आणि मला म्हणाली, "कबरीपाशी चल."

वारा इतका होता की बोललेलं तोंडातच राहायचं. तबिथा त्या ओल्या मातीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, मला यायला बंदी झालीये. तुम्हाला दिलेले तास मोजले गेले. आता मी येणार नाही, रागावू नका." एवढ्यावर थांबली असती तर? पण नाही. म्हणाली, "तुम्हीच सांगा, मी कामावर गेले की पोराकडे कोणी बघायचं?"

माझी आई सांगायची, मेलेल्याला निरोप द्यावा, शिवी द्यावी, जेवण द्यावं, पण प्रश्न विचारू नये. तो उत्तर द्यायला येतो. तबिथालाही तिच्या आईने हेच सांगितलं असणार. दुःखात माणूस शिकलेलं विसरतं.

पुढच्या फोनला तिने फक्त कँटीनचे तास सांगितले, खरेच होते ते, आणि पेन्शन सुरू झाली.

सकाळी दहाला तबिथा काउंटरवर अडकलेली, म्हणून जोमेनला वळवायचं काम माझ्याकडे असायचं. शाळेची छोटी सुट्टीही दहालाच, त्यामुळे मला नेहमी उशीर व्हायचा आणि जीव टांगणीला लागायचा. त्या दिवशी पोरं उधळली होती, साडेदहा होऊन गेले. धावत गेले. जोमेन डाव्या कुशीवर होता.

मी त्याला सकाळी उजव्या कुशीवर पाहिलं होतं, माझ्या खिडकीतून. तबिथा तर तिकडे सँडविच लावत होती.

"उशीर केलास, आंटी," जोमेन भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तुझं काम झालं."

"कोण आलं होतं?"

"ओळख बघू."

चादर बाजूला केली. दोन गुडघ्यांमध्ये उशी असते, ती दोरीने बांधलेली होती. असली गाठ जहाजावरच्या म्हाताऱ्यांशिवाय कोणाला येत नाही, आणि बेटावरचा तसला शेवटचा म्हातारा आम्ही नुकताच पुरला होता. मी खुर्चीला हात लावला. कॅनव्हास ओला होता, आणि गार. बाहेर टळटळीत ऊन, पोरांचा दंगा, आणि माझ्या दंडावर काटा उभा.

"तो बोलतो?" मी विचारलं.

"फुटबॉलपुरतं," जोमेन म्हणाला आणि हसत सुटला. गाढव.

तबिथाला सांगितलं तर तिने ऐकून घेतलं, सुरी धुतली, पुसली. "बरं झालं," म्हणाली. "मी विचारलं होतं."

त्यानंतर दहाची धावपळ मला कधी करावी लागली नाही. दहाला खिडकीतून बघावं तर पलंगाजवळ खुर्ची ओढलेली, आणि जोमेनची कूस बदललेली. वळवताना कधी दिसलं नाही. मान वळली, पापणी लवली, की तेवढ्यात होऊन जायचं. जोमेनच्या पाठीवर एक लाल डागसुद्धा राहिला नाही. दवाखान्यात नवी नर्स आली होती, तिने कौतुकाने विचारलं, "तुम्ही कामावर असता तेव्हा कोण करतं एवढं?" आणि आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "माझे दीर." नर्स म्हणाली, फार छान, हल्ली असे दीर कुठे मिळतात.

वर्ष गेलं. कबरीचा दगड केर्न्सहून बोटीने आला. तबिथाने स्वतःच्या कमाईतून फेडला होता तो. आता त्याच्यावर कापड घालायचं, दिवस ठरवायचा, बेटाला जेवण घालायचं, कापड उतरवायचं, आणि मेलेल्याने सुटायचं. पण तबिथाने दगड घरामागे ताडपत्रीत गुंडाळून उभा केला आणि त्याचं नाव काढेना. लोक विचारायला लागले. ती म्हणे, बघू. एक थंडी गेली, दुसरी आली. चर्चमध्ये बायका तिच्या बाकावर बसेनात.

आणि जोमेन गार पडत चालला. ताप नाही, दुखणं नाही. हात लावला की समुद्रातून काढल्यासारखा. आधी माझी टर उडवायचा, आता मी आत गेले की म्हणायचा, "आंटी, हळू बोल, त्याला त्रास होतो." भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचा, जुन्या जहाजांची नावं घ्यायचा, मेलेल्या खलाशांच्या तब्येती विचारायचा. मला त्याच्या खोलीत जायची भीती वाटायला लागली, आणि भीतीचा मला राग येतो.

एक दिवस कँटीनचं शटर ओढलं आणि तिला धरलं. "तबिथा, तू मेलेल्या माणसाला राबवतेयस."

"हळू बोल."

"का हळू? त्याला त्रास होतो? दगड का उघडत नाहीस? त्याला जायचंय, गं!"

"मग पोराकडे कोण बघेल? तू?"

"हो, मी!"

"आणि कँटीन कोण बघेल? दहाला शंभर पोरं दारात असतात. तुला उशीर व्हायचा, तेव्हाच तर पाठ फुटली होती त्याची!" मग हळूच म्हणाली, "तुला दोष नाही देत. पण मी काम सोडलं तर वीज जाते, काम केलं तर पोरगं एकटं पडतं, आणि पोरगं एकटं पडलं तर ते घेऊन जातात. मला एकच माणूस मिळालाय ज्याचे तास कोणी मोजत नाही. त्याला कसा सोडू?"

मी रागाने दोन ट्रे उगाच धुतले.

सोडवलं ते जोमेननेच. दुपारी आम्ही दोघी त्याला भरवत होतो. डोळे मिटूनच आईला म्हणाला, "आमा, अंकलला सोड. थकलाय तो. खुर्चीत बसल्याबसल्या झोपतो. आणि तो झोपला की मला पण ओढ लागते."

"कुठे?" तबिथाने विचारलं.

जोमेनने तोंड भिंतीकडे वळवलं. तबिथाने चमचा खाली ठेवला, घरामागे गेली आणि ताडपत्रीची दोरी कापायला लागली.

दगड उघडला त्या दिवसासारखा दिवस बेटाने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तबिथाने स्वतःच्या हातांनी कापड उतरवलं. ढोल, नाच, कासवाचं मटण, नारळाच्या दुधातला सुरण, पहाटेपासून भाजलेल्या भाकऱ्या. जोमेनला चाकांच्या खुर्चीवरून नेलं होतं, तो ऊन खात होता, आणि संध्याकाळी मी त्याच्या कपाळाला हात लावला तर कपाळ गरम. मी भर मांडवात रडले. बाजूच्या बाईला वाटलं इफ्राईमसाठी.

घरी तबिथाने ती कॅनव्हासची खुर्ची धुऊन उन्हात ठेवली. सुकली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"हा पंधरवडा भरला की काम सोडते," ती म्हणाली. "विजेचं देव बघेल."

"देवाकडे कार्ड भरायची सोय नाही," मी म्हटलं, पण समजूत घालायला माझ्याकडे तरी काय होतं?

सोमवारी दहा वाजता, छोट्या सुट्टीत, मी कँटीन बंदच ठेवलं. पोरं दारावर धडका मारत होती. मारू देत. तबिथाला घेऊन रस्ता ओलांडला.

जोमेन डाव्या कुशीवर होता.

तबिथा दारातच थांबली. मी चादर काढली. उशी गुडघ्यांत होती, पण गाठ नव्हती, दोरीच नव्हती. खुर्ची पुन्हा पलंगाजवळ होती. खाली फरशीवर पाणी, बरंच पाणी, आणि खोलीत पेट्रोलचा वास, होडीच्या इंजिनाला येतो तसला. जोमेनचे डोळे भरले होते, पण तो हसत होता.

"अंकल गेला, आमा. पण जाताना बदली माणूस देऊन गेला."

तबिथा त्याच्या डोक्याकडे बघत होती. केस ओले होते, चापून बसवलेले, आणि मध्ये भांग. उलट्या बाजूला.

तिने हात पुढे केला, सवयीने, तो पुसून पुन्हा पाडायला. हात तसाच केसांवर राहिला. ओबेदला दगड नाही. ज्याला दगड नाही, त्याला उघडून सोडता येत नाही. हे आम्हा दोघींना एकदमच कळलं, आणि मला भीती वाटायची ती वाटली, पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती हो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तास कळवायचा दिवस उलटून गेला होता, म्हणून ब्रॉडीच फोन करत होता. तिने स्पीकर लावला.

"तास?"

"चाळीस."

"बिनपगारी काम?"

"आता नाही."

"कमाई नेहमीचीच?"

"हो."

"आणि जोडीदार? सोबत राहतो का?"

तबिथा खुर्चीकडे बघत होती. जोमेनही बघत होता. हिला खोटं बोलता येत नाही, आता ही सांगणार, आणि तो पोरगा मऊ आवाजात विचारणार, कधीपासून, काय काम करतात, कमाई किती?

"नाही," तबिथा म्हणाली. "मी एकटीच आहे."

'अजून' म्हणाली नाही. ब्रॉडीच्या लक्षात आलं नसावं. त्याने आभार मानले आणि फोन ठेवला.

तबिथा खुर्चीजवळ खाली फरशीवर बसली, त्या पाण्यातच. कॅनव्हासवर हात ठेवला आणि पदराआड बोलावं तसं हळू बोलली.

"वीस वर्षं वाट बघितली रे, आणि आलास त्याच दिवशी तुला नाही म्हणावं लागलं."